कॅमेरा कुणाच्या हातात, प्रश्न कुणाचा

2004 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ फौजेने, डेबोरा स्क्रँटन या दिग्दर्शिकेला विचारलं, आमची तुकडी इराकला निघाली आहे, सोबत येऊन चित्रीकरण करणार का? आदल्या वर्षी इराकवर हल्ला झाला तेव्हा शेकडो पत्रकार असेच पलटणींबरोबर गेले होते. सैन्याच्या गाडीतून फिरायचं, त्यांच्याच तंबूत झोपायचं, काही आठवड्यांनी परतायचं. स्क्रँटनने उलट प्रश्न केला. मी येण्याऐवजी कॅमेरे सैनिकांनाच दिले तर चालेल का?

परवानगी मिळाली, पण सैनिक स्वतःहून तयार झाले पाहिजेत या अटीवर. ती न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्सला गेली. तिथे चार्ली कंपनी नावाच्या त्या तुकडीचं जाण्यापूर्वीचं प्रशिक्षण चालू होतं. तिने सगळ्यांसमोर उभं राहून आपली कल्पना मांडली आणि काही जण पुढे आले. त्यातून 2006 मध्ये 'द वॉर टेप्स' हा माहितीपट झाला. न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात त्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला.

मी पुण्यात संकलनाचं काम करते. दुसऱ्यांनी शूट केलेलं तासन्‌तास बघायचं आणि त्यातून बोलणारा माणूस शोधायचा हा माझा धंदा. त्यामुळे या चित्रपटाबद्दल वाचलं तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते आकड्याकडे. सैनिकांनी सुमारे 800 तासांचं चित्रीकरण घरी पाठवलं, आणि चित्रपट आहे 97 मिनिटांचा. मिनी डीव्हीच्या टेपवर ज्यांनी काम केलंय त्यांना या आकड्याचं वजन लगेच कळेल. तासाभराची टेप संगणकात उतरवायला तासभरच लागतो, त्यात घाई करता येत नाही. त्यानंतर ती बघणं, नोंदी करणं, कोण काय बोललं ते लिहून काढणं. संकलनाला स्टीव्ह जेम्स होता. शिकागोच्या दोन बास्केटबॉलवेड्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं कॅमेरा घेऊन फिरलेला हा माणूस. ढिगातून माणूस वर काढण्याचं काम त्याला देणं ही फार नेमकी निवड होती.

पण चित्रपट खरा घडला तो टेपांच्या मधल्या काळात, असं माझं ठाम मत आहे. टेपा पोस्टाने यायच्या, त्यांना वेळ लागायचा. स्क्रँटन मात्र सैनिकांशी ईमेलवर आणि चॅटवर सतत बोलत होती. आज काय झालं, तू कुठे बसला होतास, कॅमेरा कुठे लावलास, त्या क्षणी तुला काय वाटलं. ती न्यू हॅम्पशायरमध्ये, ते बगदादच्या उत्तरेला बलदजवळच्या अॅनाकोंडा तळावर. इतक्या लांबून दिग्दर्शन. ती तिथे नव्हती म्हणूनच त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागत होतं. शेजारी बसलेल्या माणसाला आपण काय सांगतो? त्यालाही दिसतच असतं. लांबच्याला सांगताना आपणच आपल्याला ऐकू येतो.

हम्वी या लष्करी गाडीच्या डॅशबोर्डवर, मशीनगनच्या बुरुजावर कॅमेरे लावलेले. बहुतेक वेळ दिसतो तो रस्ता. चार्ली कंपनीचं मुख्य काम होतं कंत्राटदार कंपनीच्या ट्रकांच्या ताफ्याला संरक्षण द्यायचं. सामानाचे ट्रक, त्यांच्या मागे-पुढे बंदुका, आणि रस्त्याच्या कडेला पुरलेला बॉम्ब कुठे असेल याची धास्ती. आपल्या जिवाची किंमत मोजून आपण नेमकं कशाचं रक्षण करतोय, आणि या ट्रकांमधून पैसे कोण कमावतंय, हा प्रश्न सैनिक स्वतः विचारतात. कुणी बाहेरचा पत्रकार असता तर त्याला तो विषय 'मुलाखतीत काढावा' लागला असता. इथे तो गाडी चालवता चालवता, शिव्या घालत, आपोआप येतो.

चित्रपटात तिघेजण मुख्य आहेत. स्टीव्ह पिंक सुतारकाम करणारा, रोजनिशी लिहिणारा. माइक मोरिआर्टी बायको-मुलांचा माणूस, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर देशासाठी काही करायचं म्हणून गेलेला. आणि झॅक बाझी, लेबनॉनमधलं युद्ध टाळून आईबरोबर लहानपणी अमेरिकेत आलेला, अरबी बोलणारा. तिघांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. बाझी सरकारवर कडक टीका करणारं डावं साप्ताहिक वाचतो, आणि तरीही फौजेत मनापासून रमलेला आहे. रस्त्यावरच्या इराकी माणसाशी तो त्याच्या भाषेत बोलतो तेव्हा गाडीतल्या बाकीच्यांना जे नुसते आवाज ऐकू येतात ते त्याला शब्द म्हणून ऐकू येतात. चित्रपट या तिघांपैकी कुणालाही बरोबर किंवा चूक ठरवत नाही. 'सैनिकांना काय वाटतं' असं एकवचनी काही नसतं, हे तीन माणसांत इतकं स्वच्छ दिसतं की मग प्राइम टाइमवर 'जवानांच्या भावना' सांगणारे पाहवत नाहीत.

एक प्रसंग मी संकलक म्हणून परत परत पाहिला आहे. रात्रीची वेळ, ताफा वेगात चाललेला. अशा रस्त्यांवर थांबणं म्हणजे हल्ल्याला आमंत्रण, म्हणून वेग. एक इराकी बाई रस्ता ओलांडत असते आणि गाडीखाली येते. पडद्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. अंधार, दिव्यांचे डाग, आरडाओरड. तो प्रसंग काय होता हे आपल्याला कळतं ते नंतर, सैनिक बोलायला लागतात तेव्हा. ते शब्द शोधत असतात. जे लोक आपल्यामुळे सुरक्षित राहावेत म्हणून आपण इथे आलो असं त्यांना सांगितलं होतं, त्यातलीच ती एक होती.

कॅमेऱ्याने ते टिपलं, पण कॅमेऱ्याला ते दिसलं नाही. सैनिकाच्या नजरेतून युद्ध दाखवायचं म्हणजे सैनिकाच्या अंगावर कॅमेरा बांधायचा, हा समज आता फार पसरलाय. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांच्या क्लिप्स इंटरनेटवर ढिगाने पडल्या आहेत. मी कामासाठी त्या पुष्कळ पाहते. धाप, गोळ्यांचे आवाज, हातातली बंदूक, हलणारी जमीन. अर्ध्या तासाने आपल्याला सगळं दिसलेलं असतं आणि त्या माणसाबद्दल काहीही कळलेलं नसतं. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात एक गोष्ट कधीच येत नाही, ज्याचं हेल्मेट आहे त्याचा चेहरा. तो चेहरा यायला समोर कुणीतरी लागतं, आणि त्या कुणीतरी प्रश्न विचारलेला असावा लागतो.

'रेस्ट्रेपो' पाहिला आहे का? 2010 चा. टिम हेदरिंग्टन आणि सेबॅस्टियन युंगर हे दोघे 2007-08 मध्ये अफगाणिस्तानच्या कोरेंगल खोऱ्यात एका प्लाटूनबरोबर आलटून पालटून, कधी एकत्र, राहिले. तिथे मारल्या गेलेल्या वैद्यकीय मदतनिसाच्या नावाने सैनिकांनी डोंगराच्या सोंडेवर एक चौकी बांधली, तेच चित्रपटाचं नाव. ही पद्धत स्क्रँटनच्या उलट. इथे दिग्दर्शक स्वतः हजर आहेत, डोंगर चढतायत. एका मोहिमेत हेदरिंग्टनचा पाय मोडला आणि तशाच पायाने तो रात्रभर डोंगर उतरला. चित्रपटात निवेदन नाही, सेनापती नाहीत, राजकारणी नाहीत, तज्ज्ञ नाहीत.

आणि तरीही चित्रपटाचा कणा त्या खोऱ्यात नाहीच, तो इटलीत आहे. पंधरा महिन्यांची मोहीम संपवून तुकडी व्हिचेन्झाच्या तळावर परतली, त्यानंतर काही महिन्यांनी दोघांनी तिथे जाऊन एकेकाला काळ्या पडद्यासमोर बसवलं. फक्त चेहरे, अगदी जवळून. एक जण सांगतो की झोपेच्या गोळ्या बदलून बदलून घेतल्या, काही उपयोग नाही, आणि झोपून ती स्वप्नं बघण्यापेक्षा न झोपलेलंच बरं. हे सांगताना तो हसतोय. हसू ओठांवरून हलतच नाही. एखादा घाईतला संकलक तिथे कापेल, कारण शब्द आणि चेहरा जुळत नाहीत. त्यांनी कापलं नाही. चेहरा तसाच थांबू दिला. खोऱ्यातल्या सगळ्या गोळीबारापेक्षा मला तो चेहरा जास्त सांगतो.

हेदरिंग्टनने कोरेंगलमध्ये आणखी एक काम केलं, झोपलेल्या सैनिकांची छायाचित्रं. उघड्या अंगाने, तोंड किंचित उघडं, विशी-बाविशीची पोरं. युद्धाच्या छायाचित्रांत इतकी निःशस्त्र माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. तो 20 एप्रिल 2011 रोजी लिबियात मिसराता शहरात मारला गेला. कोरेंगलचं खोरं त्याच्या वर्षभर आधीच, एप्रिल 2010 मध्ये, अमेरिकेने सोडलं होतं. चाळीसहून जास्त अमेरिकन सैनिक तिथे मारले गेले होते.

या चित्रपटावर माझा एक आक्षेपही आहे. त्यात खोऱ्यातली माणसं जवळपास बोलतच नाहीत. गायीचा प्रसंग आठवा. चौकीच्या तारेत एक गाय अडकते, सैनिक तिला मारतात आणि खातात. मग गावातली म्हातारी माणसं डोंगर चढून येतात आणि नुकसानभरपाई मागतात, रोख. सैन्याची तयारी असते गायीच्या वजनाइतका तांदूळ, डाळ-कडधान्य, साखर द्यायची. ती दाढीवाली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात. आमच्याकडे कुणाच्या घरची दुभती गाय मेली तर त्या घरात काय होतं हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तो हिशोब ऐकताना मला त्या गायीच्या मालकाचं ऐकायचं होतं. पण हा चित्रपट सैनिकांचा आहे आणि सैनिकांना तो माणूस तेवढाच दिसला. नजर कुणाची आहे हे प्रामाणिकपणे सांभाळलं की तिची मर्यादाही पडद्यावर येते. ती झाकलेली नाही, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

यानुस मेट्झ याचा 'आर्माडिलो' हा डॅनिश चित्रपट 'रेस्ट्रेपो'च्याच वर्षीचा. अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतातल्या एका चकमकीनंतर जखमी तालिबानींना कसं मारलं याबद्दल सैनिक आपसात जे बोलतात त्यावरून डेन्मार्कमध्ये मोठा वाद झाला, चौकशी झाली, त्यात सैनिकांवर ठपका आला नाही. तिथेही वाद पेटला तो चित्रांपेक्षा बोलण्यावरून.

आणि बोलण्याची भीती सरकारांना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन ह्यूस्टनने अमेरिकन सैन्यासाठीच एक माहितीपट केला, लाँग आयलंडवरच्या लष्करी रुग्णालयात मनाने मोडलेल्या सैनिकांवर. डॉक्टरांसमोर बसून ते बोलतात, अडखळतात, रडतात. 'लेट देअर बी लाइट' नावाचा तो चित्रपट 1946 मध्ये तयार झाला आणि 1980 च्या दशकापर्यंत लोकांना दाखवू दिला गेला नाही. त्यात एकही लढाई नाही.

आता आमच्याकडचं.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या भागात घराघरात फौजी. जवळच अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण मेले, त्यांच्या स्मरणाची शिळा तिथे आहे. 'द वॉर टेप्स'मध्ये बलदचा परिसर पाहिला तेव्हा मी नकाशा काढला. तीच तैग्रिस नदी बगदादवरून खाली कूतला जाते. कूतमध्ये डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला होता, आणि आत 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. उपासमार झाली, शेवटी शरणागती, आणि मग कैदेत वाळवंटातून पायपीट. ती माणसं कुठली? आमच्यासारख्याच गावांतली. त्यांनी तिथे काय पाहिलं, काय खाल्लं, रात्री काय बोलले, हे त्यांच्या तोंडून ऐकायची सोय उरलेली नाही. फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांचे तुकडे तरी टिकले, तेही सेन्सॉरने इंग्रजीत भाषांतर करून अहवालात टाचले म्हणून. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात सैनिक काळी मिरी (म्हणजे हिंदी फौज) आणि लाल मिरची (म्हणजे गोरी फौज) असं सांकेतिक लिहून कुठली फौज किती संपली ते घरी कळवतात. पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत लिहायचं असलं तरी घरच्यांना सांगितल्याशिवाय माणूस राहत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या सेंटरला भरती झाले आणि सुभेदार म्हणून पेन्शन आले. लहानपणी आम्ही पत्रावर पत्ता लिहायचो त्यात गावाचं नावच नसायचं, नुसतं 'द्वारा 56 एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. आबा फिल्डला आहेत एवढंच आईला ठाऊक. गावात कुणी विचारलं तर ती उत्तरेकडे हात करायची.

त्यांना लढाईबद्दल विचारलं की ते दोन वाक्यांत संपवतात. 'फायर यायचा. आपण पण द्यायचो.' मग टीव्ही लावतात. मागच्या वर्षी मी रेकॉर्डर ठेवून वेगळंच विचारलं, त्या चौकीवर पाणी कुठून आणायचा, आबा? आणि ते सुरू झाले. बर्फ रॉकेलच्या बुखारीवर वितळवायचा, त्याला रॉकेलचाच वास, चहालाही तोच. शकरपारे पाकिटात दगड व्हायचे. वर सामान आणणारी खेचरं कशी होती, प्रत्येकाचा नंबर कसा असायचा, आणि एक खेचर जेरीकॅनसकट पाय घसरून दरीत गेलं तेव्हा त्याला सांभाळणारा जवान दिवसभर कुणाशी बोलला नाही. 'त्या दिवशी आम्ही पण कुणी त्याला ये जेवायला म्हटलं नाही. तसाच बसू दिला.' त्यानंतर, मी न विचारता, त्यांनी त्याच चौकीवर जीव गमावलेल्या त्यांच्या एका जोडीदाराबद्दल सांगितलं. त्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही पहिल्यांदाच ऐकलं.

आपल्या सैन्यात सेवेतल्या जवानाला असा कॅमेरा देणं अवघड आहे आणि त्याची कारणं मला पटतात. एका फोटोमागच्या डोंगरावरून चौकी ओळखता येते. जुलै 2020 मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक-इन्स्टाग्रामसकट 89 अॅप्स फोनमधून काढायला लावली, त्यामागे हीच चिंता होती. पण पेन्शन आलेल्यांचं काय? तालुक्याच्या गावी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यासमोर, कँटीनच्या रांगेत ही माणसं उभी असतात. त्यांना आपण 26 जानेवारीला शाळेत बोलावतो, शाल-नारळ देतो, आणि पाच मिनिटांत भाषण उरकायला सांगतो.

मिस्तिस्लाव चेर्नोव या युक्रेनी दिग्दर्शकाचा '2000 मीटर्स टू आंद्रिइव्का' (2025) पाहिल्यावर हे जास्तच टोचलं. बाखमुतजवळचं उद्ध्वस्त गाव परत घ्यायला निघालेली तुकडी, दोन्ही बाजूंना सुरुंग पेरलेली शेतं आणि मध्ये झाडांचा एक अरुंद जळका पट्टा. हल्ल्याची दृश्यं बरीचशी सैनिकांच्याच हेल्मेटवरून आलेली आहेत. पण दोन गोळीबारांच्या मध्ये चेर्नोव खंदकात त्यांच्या शेजारी बसतो आणि त्यांच्याशी बोलतो, घराबद्दल, आधी काय करत होतास याबद्दल. आणि मग त्याचाच आवाज शांतपणे सांगतो की हा पुढे अमुक महिन्यांनी मारला गेला. त्या दहा मिनिटांच्या गप्पा त्या वेळी कुणी मारल्या नसत्या तर त्या माणसाचं आता फक्त हेल्मेटवरचं फुटेज असतं.

म्हणून ज्यांच्या घरात, गल्लीत असा कुणी असेल त्यांना सांगते, मोबाइल पुरेसा आहे. पंखा बंद करा, नाहीतर नंतर आवाज साफ करताना माझ्यासारख्यांचे हाल होतात. फोन त्यांच्या तोंडासमोर धरू नका, डब्याला टेकवून बाजूला ठेवा, पण चेहरा दिसला पाहिजे. शौर्याबद्दल विचारू नका. काय खाल्लं, कुठे झोपलात, पत्र कोण वाचून दाखवायचं, सुट्टीवर येताना गाडी कुठे बदलायची, हे विचारा आणि मग गप्प बसा. ते थांबले तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका.

आमच्या आळीत 1971 च्या लढाईला गेलेले दोघे आहेत, दोघेही पंच्याहत्तरीच्या पुढचे. या दिवाळीत त्यांच्याकडे बसायचं ठरलंय. मी एकटीच जाणार होते, पण आबा म्हणाले, मी पण येतो, तू रेकॉर्डर सांभाळ, विचारायचं मी बघतो.